फाइल सर्व्हरच्या डिस्कचा जीव निघतोय, रेड ६ मोडून रेड १० करू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

ऑफिसात साधारण ६० जण एकाच फाइल सर्व्हरवर काम करतात. लिनक्स, वर सांबा (विंडोजवाल्यांना लिनक्सवरच्या फाइली देणारं सॉफ्टवेअर), ३२ जीबी रॅम, ४ टीबीच्या ७२०० आरपीएमवाल्या आठ साटा डिस्क, १ जीबी कॅशचा (तात्पुरत्या मेमरीचा) हार्डवेअर रेड कंट्रोलर, म्हणजे सगळ्या डिस्क एकत्र चालवणारं कार्ड, त्यावर रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो अशी मांडणी) आणि एक्सएफएस फाइल सिस्टिम. बसवून चार वर्षं झाली, कधी तक्रार नव्हती. गेले दीडेक महिना मात्र सकाळी दहा ते साडेअकरा आणि परत संध्याकाळी पाचनंतर नुसता वैताग. साधी एक्सेल शीट सेव्ह केली की विंडो पांढरी पडते, पंधरा-वीस सेकंद तशीच, मग अचानक सगळं सुरळीत. परवा अकाउंट्सच्या मॅडमनी मला बोलावून शेजारी उभं केलं, म्हणाल्या "मी कंट्रोल एस दाबलंय, आता तुम्हीच मोजा". सतरा सेकंद. महिनाअखेरीला त्या लोकांना ह्याच्यापायी रात्री आठपर्यंत बसावं लागलं आणि सर्व्हर मी सांभाळतो, त्यामुळे फार वाईट वाटतंय.

नेटवर्कचं काही नाही, आयपर्फ लावून बघितलं, पूर्ण गिगाबिट मिळतंय. सीपीयूवर लोड नाही, टॉपमध्ये नुसता डब्ल्यूए ४०-५० दिसतो, म्हणजे सगळे डिस्कची वाट बघत बसलेत. मग गर्दीच्या वेळी आयओस्टॅट (डिस्कचं काम दाखवणारं टूल) लावून अर्धा तास समोर बसलो. रीडचा अवेट (एका कामाला लागणारा सरासरी वेळ) २५-३० मिलिसेकंद, पण राइटचा २२० आणि मधेच ४०० च्या वर, युटिल (डिस्क किती टक्के वेळ कामात आहे) १०० ला चिकटलेलं. डीडी कमांडने मोठी फाइल लिहून टेस्ट केली तर सेकंदाला ६०० एमबी आले, जरा हायसं वाटलं, नंतर लक्षात आलं की ती ४ जीबीची फाइल रॅममध्येच गेली होती, डिस्कपर्यंत पोचलीच नव्हती. म्हणून रात्री कुणी नसताना फिओ या टेस्ट टूलने ४के रँडम राइट (४ केबीचे तुकडे इकडेतिकडे लिहिणं), डायरेक्ट आयओ (रॅम वगळून) लावून बघितलं. ९५ आयओपीएस, म्हणजे सेकंदाला ९५ कामं!! आठ डिस्क मिळून एवढंच?

नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ डिस्कवर न नोंदवणं) लावलं, काही फरक नाही (ती नोंद कमी करणारं रिलेएटाइम आधीपासून होतंच). डिस्कच्या कामांचा क्रम लावणारा शेड्युलर बीएफक्यूवरून एमक्यू-डेडलाइन केला, किंचित बरं वाटलं. बॅकअप साडेपाचला सुरू व्हायचा तो रात्री दोनला ढकलला, त्याने संध्याकाळचा त्रास अर्धा तास तरी कमी झाला.

आता विचार असा की रेड १० (प्रत्येक डिस्कची हुबेहूब जोडी) करावं का, पण मग जागा २४ टीबीवरून १६ होईल आणि १३ आत्ताच भरलेत. की एसएसडी टाकून कॅश करू? खर्चाला एकदाच परवानगी मिळणार आहे, चुकीच्या जागी घालायचा नाहीये. कुणी ह्यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद

थांबा, काही विकत घ्यायच्या आधी तो ९५ चा आकडा परत बघा, त्यातच उत्तर दिसतंय.

७२०० आरपीएम म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं म्हणजे ४.२, वर हेड सरकायला आठेक. एका डिस्कला सेकंदाला ७५-८० रँडम कामं, क्रम न लावता आलेल्या कामांत ती त्याच्या फार वर जात नाही. आठांची मिळून ६४०. पण रेड ६ ला एका छोट्या राइटमागे सहा कामं पडतात, जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायला ठेवलेली माहिती) वाचा, मग तिन्ही नव्याने लिहा. ६४० भागिले ६ म्हणजे १०७. तुमचा आकडा नेमका तिथेच येतोय, म्हणजे डिस्क एकदम नीट चालल्यात, पण कंट्रोलरच्या कॅशचा राइटला शून्य उपयोग होतोय. ती चालू असती तर कंट्रोलरने राइट कॅशमध्ये घेऊन लगेच "झालं" म्हटलं असतं आणि मागाहून क्रम लावून डिस्कवर उतरवलं असतं.

माझा संशय लाइट गेल्यावर कंट्रोलरची कॅश जपणाऱ्या बॅटरीवर. चार वर्षं म्हणजे तिचं वय झालंय आणि ती गेली की कंट्रोलर आपणहून राइट बॅकवरून (आधी कॅश, मागाहून डिस्क) राइट थ्रूवर (डिस्कवर लिहून मगच "झालं") येतो. कंट्रोलरच्या टूलमध्ये कॅश पॉलिसी बघा, डिफॉल्ट नाही, करंट. तिथे बॅटरी नसतानाही राइट बॅक चालू ठेवायचा पर्याय दिसेल, मोह होईल, पण कृपा करून हात लावू नका. लाइट गेली तर सर्व्हरने "सेव्ह झालं" म्हटलेला डेटा जाईल आणि फाइल सिस्टिमही फाटेल.

मूळ धागाकर्ता

अहो, अगदी तेच निघालं! डिफॉल्ट राइट बॅक, करंट राइट थ्रू, बॅटरी फेल्ड. लॉगमध्ये बरोबर सात आठवड्यांपूर्वीची नोंद आहे. अलर्टची मेल नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर जात होती म्हणून कुणाला कळलंच नाही, सगळ्यात आधी तो पत्ता बदलला.

शनिवारी बॅटरी बदलली. पूर्ण चार्ज होईपर्यंत काही तास राइट थ्रूच राहिलं, मी घाबरलो होतो, मग आपोआप राइट बॅक झालं. तीच फिओ टेस्ट, आता सुरुवातीला काही हजार आयओपीएस येतात आणि कॅश भरली की २४० च्या आसपास स्थिरावतं. सोमवारी साडेदहाला, भर गर्दीत, राइटचा अवेट ८-९. मॅडमकडे जाऊन परत सेव्ह करायला लावलं, मोजायलाच मिळालं नाही.

एकच गोष्ट राहिलीये. स्कॅनरचा एक फोल्डर आहे, त्यात १ लाख ४० हजार फाइली, तिथे नवीन फाइल टाकायला अजूनही तीन-चार सेकंद लागतात आणि तेव्हा डिस्क रिकामी असते, एसएमबीडी (सांबाचा प्रोसेस) मात्र एक कोअर १०० टक्के खातो. हे कशामुळे?

प्रतिसाद

वा, फार बरं वाटलं वाचून! रेड १० आता राहू द्या, तुमच्या कामाला एवढं पुरेल.

स्कॅन फोल्डरचं दुखणं वेगळं आहे. विंडोजला बिल.पीडीएफ कॅपिटलमध्ये असो की स्मॉलमध्ये, फाइल एकच, लिनक्सला त्या दोन फाइली. म्हणून नवीन नाव आलं की तेच नाव वेगळ्या अक्षरांत आधी आहे का हे बघायला सांबा अख्खा फोल्डर चाळतो, प्रत्येक वेळी. त्या फाइलींसाठी वेगळा शेअर करा, सगळी नावं एकदा स्मॉल अक्षरांत बदलून घ्या आणि मगच त्या शेअरला केस सेन्सिटिव्ह यस, डिफॉल्ट केस लोअर, प्रिझर्व्ह केस नो आणि शॉर्ट प्रिझर्व्ह केस नो लावा, म्हणजे नवी नावं आपोआप स्मॉल होतील आणि सांबाला फोल्डर चाळावा लागणार नाही. हा क्रम उलटा केलात तर कॅपिटल नावाच्या जुन्या फाइली लोकांना उघडणार नाहीत. आणि स्कॅनरला महिन्यागणिक फोल्डर करायला लावता आलं तर ते आधी करा, कदाचित बाकीचं करावंच लागणार नाही.