मदत हवी आहे: गव्हातल्या बुरशीच्या विषाचा हिशोब आणि लघवीतला आकडा, नऊपट फरक येतोय

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी माणसाच्या पोटात धान्यातून बुरशीचं विष किती जातं ते मोजतेय आणि गेले पंधरा दिवस एकाच जागी अडकलेय. लघवीच्या तपासण्यांवर कुणी काम केलं असेल तर प्लीज बघा.

विष म्हणजे मुख्यतः डीऑक्सीनिव्हॅलेनॉल, पुढे नुसतं डॉन लिहिते. शेतातच ओंबीवर फ्युजेरियम बुरशी बसते तिचं हे काम, आणि भाजून-शिजवूनही ते फारसं जात नाही. मी असं केलं, की प्रत्येकाला दिवसभरात खाल्लेलं सगळं काट्यावर तोलून लिहायला लावलं, त्यांच्याच घरच्या साठ्यातला गहू तपासला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी घेतली.

आता एकाचा हिशोब बघा. गव्हात डॉन किलोला 300 मायक्रोग्रॅम, गहू पोटात गेला 250 ग्रॅम, म्हणजे 75 मायक्रोग्रॅम, माणसाचं वजन 60 किलो, तर किलोमागे 1.25. जेईसीएफएने (एफएओ आणि डब्ल्यूएचओची संयुक्त तज्ज्ञ समिती) 2001 मध्ये ठरवलेली मर्यादा दिवसाला वजनाच्या किलोमागे 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे हा माणूस वर गेला. पण त्याच्या लघवीत लिटरला 4 मायक्रोग्रॅमच सापडलं, दिवसाची लघवी दीड लिटर धरली, खाल्लेल्यातलं साधारण 70 टक्के लघवीवाटे जातं असं धरलं आणि उलटं गेले तर किलोमागे 0.14! आणि हे एकाचंच नाही, जवळपास सगळ्यांची लघवी असंच कमी सांगतेय.

मला आधी गव्हाच्या सॅम्पलचाच संशय आला, कारण मी पोत्याच्या वरवरचे 50 ग्रॅमच घेतले होते. उरलेला मूठभर गहू पांढऱ्या कागदावर पसरून बघितला तर टपोऱ्या दाण्यांत सात-आठ दाणे सुरकुतलेले, खडूसारखे पांढरे, एकावर फिकट गुलाबी झाक. विष मुख्यतः अशाच दाण्यांत असतं, म्हणजे ते त्या 50 ग्रॅममध्ये आले की नाही यावर सगळा आकडा फिरणार ना?

अजून एक, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचंच दुसरं विष) निम्म्याहून जास्त सॅम्पलमध्ये एलओडीच्या, म्हणजे तपासणीत ओळखता येणाऱ्या सर्वात कमी प्रमाणाच्या, खाली आहे, तिथे शून्य धरू का एलओडी?

घाई यासाठी की लोक विचारतायत. एका आईने परवा फोन केला, मुलं रोज तेच खातायत, गहू ठेवू का टाकू, आणि मला धड उत्तर देता येईना. हातात 1.25 पण आहे आणि 0.14 पण, चुकीचं काही सांगायचं नाहीये मला.

प्रतिसाद 1
सॅम्पल छोटं आहे हे खरंच, मोठ्या साठ्यातून शंभर ठिकाणांहून थोडं थोडं काढून दहा किलो करतात, ते सगळं दळून मिसळून मग त्यातलं चिमूटभर तपासतात. पण तेवढंच कारण असतं तर काहींचा आकडा वर गेला असता, काहींचा खाली. तुमच्याकडे सगळेच एका बाजूला झुकलेत म्हणजे गडबड लघवीच्या बाजूला शोधा. लॅबने तपासणीआधी ग्लुक्युरोनिडेज एन्झाइम घातलं होतं का? शरीर डॉनला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडूनच बाहेर टाकतं, मोकळं डॉन थोडंसंच असतं. एन्झाइमने ती जोडी तोडली नाही तर तेवढं थोडंसंच मोजलं जातं, आणि तुमचे 70 टक्के तर दोन्ही मिळून आहेत. शिवाय सकाळच्या एका बाटलीला दीड लिटरने गुणू नका हो, कोण किती पाणी प्यायलं त्यावर ती पातळ नाहीतर दाट होते, निदान क्रिएटिनिनने (लघवीत रोज साधारण सारखाच पडणारा पदार्थ) तरी दुरुस्त करा, जमलं तर चोवीस तासांची घ्या.

प्रतिसाद 2
एलओडीचं दोन्ही करा, एकदा शून्य धरून आणि एकदा एलओडी धरून, आणि दोन्ही आकडे छापा. मधलाच एक आकडा दिलात तर निम्मी सॅम्पल रिकामी होती हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. अफ्लाटॉक्सिनला डॉनसारखी सुरक्षित मर्यादा लावू नका, ते जनुकांना इजा करून कॅन्सर करणारं आहे, तिथे मार्जिन ऑफ एक्स्पोजर काढतात, म्हणजे इजा दिसायला लागते तो डोस प्रत्यक्ष पोटात जाणाऱ्यापेक्षा किती पट मोठा आहे ते. आणि लघवीतलं एम1 (शरीरात अफ्लाटॉक्सिनपासून बनणारं रूप) एकदोन दिवसांपुरतंच बोलतं, दोन-तीन महिन्यांचं हवं तर रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं मोजावं लागेल.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आत्ता लॅबची पद्धत काढून वाचली, एन्झाइमचा उल्लेखच नाहीये, सरळ पातळ करून मशीनला दिलंय. म्हणजे 0.14 च्या भरवशावर मी त्या आईला "काळजी नको" म्हणणार होते तेच चुकीचं ठरलं असतं. उरलेली लघवी उणे 80 अंशाला गोठवून ठेवलीय, उद्याच एन्झाइम आणि क्रिएटिनिन दोन्हीसाठी परत देते. त्यांना आज फोन करून सांगते की आकडा पक्का व्हायचाय, तोवर सुरकुतलेले पांढरे-गुलाबी दाणे निवडून टाका. गव्हाचं सॅम्पलही परत घेणार आहे, यावेळी पोत्याच्या वरपासून तळापर्यंत ठिकठिकाणांहून.