मदत हवी आहे: एल बिअरचं यीस्ट मध्येच थांबलंय, काय करू?

मंडळी, वेंगुर्ल्याहून लिहितोय. घरी पहिल्यांदाच १५ लिटर एल बिअर लावली आहे. सुरुवातीला हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजायची नळी; साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो) १.०४८ होतं. पहिल्याच रात्री फेस झाकणाला भिडला, एअरलॉकची (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) गुडगुड माजघरापर्यंत ऐकू येत होती. तिसऱ्या दिवशी सगळं चिडीचूप. आज सहावा दिवस, आकडा दोन दिवस १.०२२ वरच आहे. १.०१२ च्या आसपास उतरेल असं धरलं होतं. चव अजून गोड, वास पिकल्या केळ्याचा.

एल यीस्टला साधारण १८ ते २२ अंश मानवतात. आमच्या पडवीत २९, त्यात आंबताना आतलं तापमान आणखी चढतं. म्हणून बादली पाण्याच्या घंगाळात ठेवून ओला पंचा गुंडाळला. चौथ्या रात्री बर्फाच्या बाटल्या जास्त पडल्या, सकाळी पाणी १६ अंशांवर! त्या गारठ्यानं यीस्ट तळाला बसलं असेल का?

बादली हलकेच फिरवून ते वर आणू, की नवीन यीस्ट घालू? बाटल्या इतक्यात भरणार नाही, एवढी साखर उरली तर आत गॅस होऊन फुटायच्या. आणि नॉर्वेचं क्वाइक यीस्ट तीस अंशांतही चालतं म्हणतात, आपल्या दमट हवेत कुणी वापरलंय का? अनुभव असेल तर नक्की सांगा.