मदत हवी आहे: निकाल आमच्या बाजूने, पण ‘बजेट नाही’ म्हणून पैसे अडलेत (ग्वाल्हेर)

लष्करची_सूनबाई:
नमस्कार मंडळी. कायदा किंवा सरकारी हिशेब जाणणारं कुणी असेल तर कृपया मार्ग दाखवा.

सासऱ्यांची डबऱ्याजवळची शेतजमीन रस्त्याच्या कामात गेली, 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली. मोबदला फारच कमी ठरवला होता, म्हणून कलम 18 खाली प्रकरण जिल्हा न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने तो वाढवून दिला. आमच्या माहितीप्रमाणे सरकारने अपील केलेलं नाही. तरी वाढीव रक्कम हातात येत नाही. कार्यालयात एकच उत्तर मिळतं: "डिक्रीधनाच्या (कोर्टाच्या निकालापोटी द्यायच्या पैशाच्या) खाती पैसा नाही, भोपाळहून बजेट आलं की देऊ." परवा तिथले बाबू म्हणाले, "विधानसभेने मंजूर करायला हवं, आमच्या हातात काय आहे?" सासरे तिथे गप्प बसले. घरी येऊन मला विचारलं, "आमदारांनी मत दिलं नाही तर कोर्टाचा निकाल बाद होतो का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

निकालात व्याज पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के धरलंय. 10 लाख थकले तर 15 टक्क्यांनी महिन्याला साडेबारा हजार होतात, आणि तेही जनतेच्याच पैशातून जाणार. हे कुणालाच का टोचत नाही? आम्हाला व्याज वाढवून घ्यायचं नाही. सासऱ्यांचं वय झालंय, त्यांच्या डोळ्यांदेखत पैसे मिळावेत एवढीच इच्छा आहे. वाट पाहावी की परत कोर्टात जावं?

जुना_हिशेबनीस:
वहिनी, माझी सगळी नोकरी आपल्या इथल्या एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, हिशेब बघण्यात गेली, म्हणून लिहितो. सासऱ्यांना सांगा, निकाल आमदारांच्या मतावर अवलंबून नाही. संविधानाच्या अनुच्छेद 202 (3) मध्ये राज्याच्या संचित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, ‘भारित’ असलेले (मताविना द्यावेच लागणारे) खर्च दिलेत. राज्यपालांचं वेतन, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार, राज्याच्या कर्जाचं व्याज, आणि त्यांच्याच पंगतीला कोर्टाचा किंवा लवादाचा निवाडा भागवायला लागणारी रक्कम. अनुच्छेद 203 प्रमाणे यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. विनियोजन विधेयकात (तिजोरीतून पैसे काढायची परवानगी देणाऱ्या) ही रक्कम कमी करायची दुरुस्तीसुद्धा मांडता येत नाही.

पण बाबूंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मतदान नसलं तरी रक्कम विनियोजन कायद्यात यावी लागते, त्याशिवाय संचित निधीतून रुपया निघत नाही. आणि गाठ बसते ती इथे. अधिकाऱ्याने ठरवलेला मूळ मोबदला ‘दत्तमत’, म्हणजे सभागृहाच्या मताने मंजूर होणाऱ्या, खर्चात पडतो, कोर्टाने वाढवून दिलेला ‘भारित’ खर्चात. दत्तमतमध्ये कितीही शिल्लक राहिली तरी ती भारितकडे वळवता येत नाही. म्हणून रस्त्याच्या पुढच्या कामाला पैसे असतात आणि जमीन गेलेल्याला नसतात. हे मी कागदावर पुष्कळदा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय.

यातून वाट आहे. खात्याने पुरवणी अंदाजपत्रकात भारित तरतूद मागायची. अधिवेशन लांब असेल तर आकस्मिकता निधीतून (अचानक येणाऱ्या खर्चासाठी ठेवलेल्या पैशातून) अग्रिम, म्हणजे उचल, घ्यायचा आणि पुढच्या पुरवणीत तो भरून काढायचा. दोन्हीसाठी खात्याकडून वित्त विभागाकडे प्रस्ताव जायला लागतो, तो आपोआप जात नाही. तुमचा प्रस्ताव बहुधा निघालेलाच नसावा. माहिती अधिकारात नेमकं एवढंच विचारा: प्रस्ताव कोणत्या तारखेला, किती रकमेचा, कोणत्या लेखाशीर्षाखाली (हिशेबाच्या खात्याखाली) पाठवला? दहा रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत 30 दिवस.

इंदूरकर_वकील:
काकांनी पैशाची बाजू सांगितली, मी कोर्टाची सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 82 प्रमाणे सरकारविरुद्धची डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, तीन महिने थकली की इजरा, म्हणजे वसुलीची दरखास्त, लावता येते. मुदत 12 वर्षांची आहे, पण तेवढं थांबायचं कशाला? ‘तरतूद नाही’ म्हटल्याने डिक्री टळत नाही. कोर्ट खात्याची मालमत्ता जप्त करू शकतं, अगदी गाड्या आणि खुर्च्याटेबलंसुद्धा. आणि उद्या सरकार अपिलात गेलंच, तरी स्थगिती मिळाल्याशिवाय वसुली थांबत नाही.

आधी रकमेचा तक्ता नीट करून घ्या. वाढीव किंमत, त्यावर 30 टक्के सोलेशियम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई), मग व्याज. सोलेशियमवरही व्याज मिळतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2001 मध्ये ‘सुंदर’ प्रकरणात ते स्पष्ट केलंय. कार्यालयाच्या हिशेबात नेमकं तेच गळतं आणि मग उरलेल्यासाठी पुन्हा पहिल्यापासून फेऱ्या.

लष्करची_सूनबाई:
दोघांचेही मनापासून आभार. काकांचं उत्तर सासऱ्यांना वाचून दाखवलं, न्यायाधीशांच्या पगाराचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. एकच शंका: माहिती अधिकाराचं उत्तर येईपर्यंत इजरा थांबवायचा का?

इंदूरकर_वकील:
थांबू नका, दोन्ही बरोबरच करा. उत्तर आलं की त्याची प्रत इजऱ्याच्या फाइलला जोडता येते. प्रस्ताव गेलाच नाही असं त्यात लेखी आलं तर सरकारी वकिलांना मुदत मागणं अवघड जाईल.

जुना_हिशेबनीस:
आणि तुमच्या आमदारांनाही भेटा. मत द्यायचं नसलं तरी भारित खर्चावर बोलायचा, प्रश्न विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. जाताना निकालाची तारीख आणि थकलेली रक्कम एका कागदावर लिहून न्या.