मदत हवी आहे: भित्रेपणा जनुकांतून येतो का?

दार आपटलं की माझा घसा कोरडा पडतो. सख्खी बहीण मान वर करूनही बघत नाही. म्हणून वाचायला घेतलं आणि गोंधळच वाढला. २००२ साली एमआरआय यंत्रात लोकांना घाबरलेले चेहरे दाखवले. सेरोटोनिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन) वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा आखूड प्रकार ज्यांच्यात होता, त्यांचा अमिग्डाला (मेंदूतला बदामाच्या आकाराचा भाग) जास्त चेतला. पण माणसं जेमतेम २८! पुढे २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती तपासली, तर या जनुकाचा नैराश्याशी ठोस संबंध काही सापडला नाही. आता नैराश्य वेगळं आणि दचकणं वेगळं, नाही का? मग अमिग्डालाचा तो निष्कर्ष मोठ्या अभ्यासांत टिकला का? मेंदूविज्ञानातलं कुणी असेल तर सोप्या शब्दांत सांगा ना. आणि त्यासाठी जनुक चाचणीवर पैसे घालवावेत का?