माशांच्या सहा फुटी टँकला फिल्टर कोणता? ऑस्कर मासे आहेत, लाईट जाते, नळ आठ दिवसांनी येतो

मांजराकाठ_लातूर

नमस्कार मंडळी. ओळखीच्या एकांनी गाव सोडताना त्यांचा सहा बाय दोन बाय दोन फुटांचा टँक मला दिला. काच बारा एमएमची आहे. त्यात माझे दोन ऑस्कर, पाच सिल्व्हर डॉलर आणि एक हातभर प्लेको सोडलेत. ऑस्कर मुलीनं रुपयाएवढे असताना आणले होते. आता वीतभर झालेत, ती शाळेतून आली की काचेशी येऊन थांबतात.

सध्या जुन्या चार फुटी टँकचे दोन आतले फिल्टर चालू आहेत. ते पुरत नाहीत. खाणं टाकलं की दुसऱ्या दिवशीही पाण्यात कचरा तरंगतो, आणि टेस्ट किट अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) ०.५ दाखवतंय.

दुकानदार म्हणतो, ताशी २,००० लिटरचा कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर लावा. मित्र म्हणतो, खाली संप कर, म्हणजे टँकखाली कप्प्यांची उघडी टाकी ठेवून त्यात पाणी गाळायचं आणि पंपानं परत वर चढवायचं. माझ्या अडचणी दोन. उन्हाळ्यात लाईट कधी कधी चार-पाच तास जाते. आणि नळाला आठ दिवसांनी पाणी, मधे बोअरचं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मी टँक रिकामा करून मासे देऊन टाकले होते. ती पाळी परत येऊ द्यायची नाही. खर्च एकदाच करायचाय. काय घेऊ?

जलपरी_बीड

दादा, माझ्या चार फुटी टँकला कॅनिस्टर आहे. आवाज नाही, दिसायला नीटनेटका, झाडांच्या टँकला छान. पण लाईटचं लिहिलंत म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही लग्नाला गेलो होतो आणि घरी रात्रभर लाईट नव्हती. पहाटे आली, कॅनिस्टर आपोआप सुरू झाला. दुपारी येऊन बघते तर पाण्याला कुजका वास आणि तीन एंजल मासे मेलेले. बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, घाण पचवणारे जिवाणू मरायला लागतात, आणि तेच सडलेलं पाणी टँकमध्ये येतं. आता लाईट तीन-चार तासांपेक्षा जास्त गेली की मी डबा उघडून आतलं पाणी फेकते, स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळते आणि मगच चालू करते. घरात कुणी नसेल तर हे कोण करणार?

वायंडिंगवाला_परभणी

भाऊ, मी मोटार वायंडिंगचं काम करतो आणि माझाही टँक सहा बाय दोनचाच आहे. संपच करा. ताईंनी सांगितलं ते एक कारण. संप वरून उघडा असतो, पाण्याला हवा लागते. दुसरं, ऑस्करची घाण. कॅनिस्टर दर पंधरा दिवसांनी खोलावा लागेल. संपात पहिल्या कप्प्यातला स्पंज काढा, बादलीत पिळा, परत ठेवा, झालं.

आता पंप. तुमच्या टँकमध्ये काठोकाठ ६८० लिटर बसतं, वाळू आणि वरची जागा सोडून ५८० धरा. ऑस्करसाठी हे पाणी तासाला चार-पाच वेळा फिरायला पाहिजे, म्हणजे ताशी साधारण २,५०० लिटर. खोक्यावरचा आकडा शून्य हेडचा, म्हणजे पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. संपातून टँकच्या काठापर्यंत पाच फूट चढ आहे. ज्याचं कमाल हेड अडीच मीटर, असा ताशी ३,००० लिटरचा पंप तिथं निम्म्याच्याही खाली येतो. विहिरीवरची मोटार घेताना आपण खोली विचारतो की नाही, तसंच हे. साडेतीन-चार मीटर हेडचा पंप घ्या आणि बसवल्यावर स्वतः मोजा. पंधरा लिटरची बादली वीस-बावीस सेकंदांत भरली की तुमचं काम झालं.

सगळ्यात महत्त्वाचं, डिलिव्हरीचा, म्हणजे पंपाचं पाणी टँकमध्ये सोडणारा पाइप. तुमच्या टँकमधलं एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर. लाईट गेली की पाइपचं तोंड जितकं खोल, तितकं पाणी उलटं संपात उतरतं. माझं तोंड चार इंच खोल होतं, म्हणजे ११३ लिटर, आणि संपात जागा होती चाळीसची. रात्री दोनला हॉलभर पाणी. बायको आणि मी सकाळपर्यंत गोणपाटानं टिपत होतो. पाइपला पाण्याच्या पातळीच्या लगत खाली एक भोक पाडा, तिथून हवा शिरली की उलटा ओढा तुटतो. ते भोक दर आठवड्याला काडीनं साफ करा, आपल्या बोअरच्या पाण्यानं क्षार धरून बुजतं. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न वॉल्व्हवर विसंबू नका, एवढासा कचरा अडकला तरी तो बसत नाही.

इन्व्हर्टरवर पंप नसला चालला तर निदान पाच-सहा वॉटचा एअर पंप आणि मोठा स्पंज फिल्टर त्यावर टाका. मे महिन्यात पाणी बत्तीस-तेहतीस अंशांवर जातं, त्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. लाईट गेली की खाणं बंद, हा आमच्या घरचा नियम आहे.

मांजराकाठ_लातूर

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. संपच करतो. दोन शंका. ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे टँकमधलं पाणी खाली संपात उतरायला, काचेला भोक पाडायला मन धजत नाही, काठावर अडकवायचा बॉक्स चालेल का? आणि संप झाला की पाणी कमी बदललं तर चालेल ना?

वायंडिंगवाला_परभणी

बॉक्स नको. लाईट जाऊन आली आणि त्याचा सायफन (काठावरून पाणी खाली ओढणारा नळीतला ओढा) सुटला, तर पंप वर पाणी चढवतच राहतो आणि टँक वरून वाहतो. भोक मागच्या काचेला, वरच्या बाजूला पाडून घ्या. त्याआधी काच टफन नाही याची खात्री करा. टफन काचेला ड्रिल लागलं की अख्खी काच भुगा होते.

पाणी मात्र बदलावंच लागेल. फिल्टर अमोनियाचं नायट्रेट करतो, नायट्रेट पाण्यातच साठतं. आठवड्याला दीडशे लिटर धरा. नळ आला की दोन ड्रम भरून ठेवा, क्लोरीन उडायला एक दिवस एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) सोडा. काढलेलं पाणी झाडांना घाला, आमचा कढीपत्ता त्याच्यावरच आहे.

आणि जुने दोन्ही फिल्टर लगेच काढू नका. नव्या संपात जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो. जुन्यातला एक स्पंज संपात टाका, दुसरा टँकमध्ये चालू ठेवा. तुमचा ०.५ अमोनिया साधा समजू नका. बोअरच्या पाण्याचा पीएच आठ असेल, तर सात पीएचच्या मानानं त्यातला विषारी भाग जवळजवळ नऊ पट असतो. आजच दीडशे लिटर बदला आणि ऑस्करचं खाणं निम्म्यावर आणा. मुलीलाही सांगून ठेवा, ते काचेशी येऊन मागतील, तरी द्यायचं नाही.