जुन्या सायकली सुट्या भागांसाठी मोडाव्यात का?

जुनीगिरणी (मूळ धागा)
सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी पाळी गाठण्यासाठी घेतलेल्या सायकली पुढे बरीच वर्षे जिन्याखाली आणि परसात उभ्या होत्या. रॅले, हंबर, हर्क्युलिस, फिलिप्स ही विलायती नावे जुन्या पेठांतून अजूनही ऐकू येतात. या सायकली आता वारसांकडून विक्रीस निघत आहेत, परंतु संग्राहकाच्या हाती अखंड सायकल क्वचितच लागते. ब्रुक्सची चामडी सीट, लुकासचा दिवा, चेनकव्हर आणि गिअरचा हब (मागच्या चाकाचा मधला भाग) सुटे करून इंटरनेटवर वेगवेगळे विकले जातात आणि उरलेली फ्रेम वजनावर भंगारात जाते. दुरुस्त होऊ शकणारी सायकल अशी मोडणे अयोग्य आहे, असे माझे मत आहे.

यात सायकलीच्या वयाचा पुरावाही नष्ट होतो. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरच्या ‘एडब्ल्यू’ नमुन्याच्या हबवर त्याचे साल ठोकलेले असते. ‘५४’ असेल तर तो १९५४ चा. हा हब मूळ फ्रेममध्ये असेपर्यंत त्यावरून सायकलीचे वय सांगता येते. तोच दुसऱ्या फ्रेमला बसवला, की त्या फ्रेमचे वय खोटे ठरते आणि घेणाऱ्याला ते कळत नाही.

कॉटरपिन
मी दुरुस्तीचे काम करतो आणि आपल्या मताशी सहमत नाही. २८ × १½ चे टायर-ट्यूब आणि रॉड ब्रेकचे रबर आजही कोणत्याही दुकानात मिळते, कारण आपल्या साध्या काळ्या सायकलींना तेच लागते. अडचण आट्यांची आहे. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेच्या क्रँककडील कपांना (ज्यांत बेअरिंगचे छर्रे फिरतात) आणि हँडलखालच्या कपांना इंचाला २६ आटे असतात, तर बाजारात सर्वसाधारणपणे २४ आट्यांचा माल येतो. तो जबरदस्तीने पिळला, तर फ्रेमचेच आटे जातात. क्रँक आसाला पक्की धरणारी कॉटर पिनही साडेनऊ मिलिमीटरची लागते, नऊची ढिली बसते आणि पायडल मारताना क्रँक खटखटते. असे भाग दुसऱ्या रॅलेतूनच काढावे लागतात. एक सायकल मोडली नाही, तर दुसऱ्या दोन उभ्याच राहतील.

जुनीगिरणी
कुजलेली, तडा गेलेली फ्रेम मोडण्यास माझा विरोध नाही. मी पाहिलेली हंबर मात्र उत्तम स्थितीत होती. हंबरचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा भाग, दोन्ही बाजूंना दुहेरी नळ्यांचा असतो आणि त्यावरूनच ती सायकल लांबून ओळखू येते. विक्रेत्याने आधी तो चिमटाच काढून विकला. मागे राहिलेल्या फ्रेमला आता कोणताही चिमटा लावला, तरी ती हंबर दिसणार नाही.

भवानीपेठकर
या चर्चेत विकणाऱ्या कुटुंबाचा विचार कोणी केलेला नाही. अखंड सायकल सोलापूरहून पुण्याला किंवा बंगळुरूला पाठवायची, तर बांधणी आणि वाहतुकीचा खर्च बराच येतो. सीट किंवा दिवा मात्र लहानशा पार्सलने जातो. शिवाय सुट्या भागांची मिळून जी रक्कम येते, ती देण्यास स्थानिक संग्राहक सहसा तयार नसतात. इंटरनेट येण्यापूर्वी हीच सायकल सीट-दिव्यासकट तराजूवर चढत होती आणि त्यातील काहीच वाचत नव्हते. ज्याला ती अखंड हवी आहे, त्याने अखंड सायकलीची किंमत द्यावी.

चेनकव्हर
सर्वांचे लक्ष विलायती मालावर आहे, म्हणून एक मुद्दा मांडतो. वरळीचा हिंद सायकलचा आणि आसनसोलचा सेन-रॅलेचा कारखाना केव्हाच बंद झाला. ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातील उत्पादनही जून २०२० मध्ये थांबले. या सायकलींना किंमत येत नाही म्हणून त्या मोडण्याचेही कष्ट कोणी घेत नाही, त्या थेट भंगारात जातात. इंग्लंडमधील सुटा भाग निदान इंग्लंडमध्ये शोधता येईल. हिंदची पितळी पाटी गेली, तर ती कोठून आणणार? पडून राहिलेला असा माल आजच घेऊन ठेवावा.

जुनीगिरणी
चेनकव्हर यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. भवानीपेठकर यांच्या किमतीच्या मुद्द्यालाही माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही संग्राहक घासाघीस फार करतो, हे खरेच आहे. मोडणाऱ्यांकडे माझी एवढीच मागणी आहे, की मोडण्यापूर्वी पूर्ण सायकलीचे छायाचित्र घ्यावे, फ्रेमवरील क्रमांक आणि हबवरील साल कागदावर लिहावे आणि तो कागद प्रत्येक भागासोबत द्यावा.

कॉटरपिन
कागद देईन, त्यात माझे काही जात नाही. मात्र चांगली फ्रेम दिसली म्हणून कप काढायचे नाहीत, हे मी मान्य करणार नाही. ज्या गिऱ्हाइकाची रॅले रोज वापरात आहे, तिला मी भिंतीला टेकलेल्या रॅलेपेक्षा आधी पाहीन.