मदत हवी आहे: अर्जुन सालीचा काढा किती आटवायचा?

पायवाट: बाबांसाठी काढा करायचाय. भंडारदऱ्याकडे आमचं गाव, तिथल्या वैदूबाबांनी साल दिली. माप विचारायचं राहिलं, त्यांच्याकडे फोन नाही. पाणी किती घालायचं? लवकर सांगा, चार दिवस आई अंदाजानेच देतेय.

सांजवात: क्षीरपाक करा. एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी. मंद आचेवर दूध उरेपर्यंत आटवा. माझ्या सासऱ्यांना यानेच उतार पडला.

करवंद: बाबांना झालंय काय? गोळ्या चालू आहेत?

पायवाट: हृदयाचंच. दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. गोळ्या आहेतच की. मी फक्त माप विचारलंय.

देवराई: साल अर्जुनाचीच ना? ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. अर्जुनाची बाहेरून गुळगुळीत, पांढुरकी, आतून लालसर.

सांजवात: वैदूंना झाड कळत नाही होय? पिढ्यान्‌पिढ्या जंगलात काढलेली माणसं आहेत ती.

देवराई: त्यांना कळतंच. पुडी घरी येईपर्यंत किती हातांतून जाते, ते बघा.

मोगरी: बीपी असेल तर सर्पगंधा द्या. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी तिच्यावर लेख लिहिला, मग ती जगभर गाजली.

करवंद: बीपीचं कोणी विचारलेलंच नाही. सर्पगंधेने नाडी मंदावते, मन खचतं. पायवाट, गोळ्यांची नावं?

पायवाट: मेटोप्रोलॉल, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोर्वास्टॅटिन. साल आतून लालसरच आहे. तिच्यात वाळवलेल्या कांद्यासारख्या पांढऱ्या चकत्या आहेत, त्याही उकळतो.

देवराई: कांद्याचा वास येतो?

पायवाट: नाही. आई म्हणते, कडूजहर आहेत.

देवराई: मग रानकांदा असणार! पानं यायच्या आधी नुसता फुलांचा दांडा वर काढतो तो. आमच्याकडे खोकल्याला नखाएवढा देतात. त्यात डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधासारखं द्रव्य असतं, जरा जास्त झालं की ठोके बिघडतात.

करवंद: त्यात मेटोप्रोलॉलनेही ठोके मंदावतात. नाडी मोजा, पूर्ण एक मिनिट. मळमळ आहे का?

भटक्या: नेपाळात गुरांसाच्या, म्हणजे तिकडच्या डोंगरातल्या लाल फुलांच्या झाडाच्या, मधाने असंच होतं. उत्तराखंडात त्यालाच बुरांस म्हणतात, त्याचं सरबत हृदयाला चांगलं म्हणून पितात, पण काही जातींच्या फुलांचा मध जास्त खाल्ला की नाडी मंदावून माणूस आडवा होतो.

पायवाट: ४४. कालपासून दोन उलट्या झाल्या, आम्हाला पित्त वाटलं.

करवंद: काढा बंद. आत्ता १०८ ला फोन करा. मेटोप्रोलॉलची पुढची गोळी डॉक्टरांना विचारूनच. उरलेली साल, चकत्या सगळं सोबत न्या आणि काढ्याचं लपवू नका, ओरडले तरी.

पायवाट: निघतोय.

पायवाट: ईसीजीत ठोके अडखळताहेत. पोटॅशियमसाठी रक्त घेतलंय, रात्रभर मॉनिटरवर ठेवणार. बाबा बोलताहेत. डॉक्टरांनी चकत्या ठेवून घेतल्या.

सांजवात: काळजी घ्या. अर्जुनाने मात्र असं होत नाही.

पायवाट: आईला आत्ता आठवलं. चकत्यांची पुडी वेगळी होती, आजीच्या खोकल्याची. डबा एकच होता, म्हणून तिने दोन्ही त्यात ओतल्या. मघापासून रडतेय.